सव्विसावा डाव

तेहतीस केव्हीच्या उपकेंद्रात, रात्रपाळीला,
लॉगबुकात तासाचे ॲम्पिअर लिहून झाले
की मी वऱ्हाडचा कारभार बघतो.

पडद्यावर वऱ्हाड हळदीच्या रंगाचं,
वर आडवं, इंग्रजीत, बेरार.
आमचं गाव त्यातल्या ए-च्या दोन पायांमध्ये.
मोठं करून पाहिलं :
घरं नाहीत, सापन नदी नाही,
नुसतं लिहिलंय : कापूस, उत्पन्न चार.

चार.
या चारांवर मी फौज पोसायची,
गाविलगडाचा तट सावरायचा,
एका शेजाऱ्याला नजराणा, दुसऱ्याला मुलगी,
तिसऱ्याचं काय करायचं ते अजून सापडलेलं नाही.

खिडकीआड खिडकी, तिच्याआड आणखी एक.
तिथे अधिक तीन टक्के, उणे दोन टक्के.
कशाचे तीन, कशातून उणे,
हे ज्याला कळतं तो कुठल्यातरी थंड देशात राहत असावा
आणि त्याला रात्री कोणी फोन करत नसावं.

मला करतात.
"काहून बे, लाइन कवा येते?"
"शिवार फीडर बाराले."
"कालही बाराच म्हणे तू."
त्याच क्षणी पडद्यावर : प्रजा असंतुष्ट.
कारण पाहायला बटण दाबलं.
कारण दिलेलं नव्हतं.

पहिल्या डावात नऊ वर्षं टिकलो.
सातव्यात वारस झाला नाही.
अकराव्यात झाला, तो बुद्दू निघाला.
चौदाव्यात सगळं इतकं बरं चाललं होतं
की मी उठून चहा ठेवला.
काळ थांबवायचा राहिला. गाळणी धुऊन आलो तर एलिचपूर गेलं होतं.
एकविसाव्यात कागदावर रकाने पाडले,
सालवार, खर्चवार.
बायको म्हणाली, हापिसचं काम आता घरी आणता?
खेळ आहे, म्हणायची लाज वाटली.

खरं तर सतराव्यापासूनच मी खेळत नव्हतो.
ड्युटी करत होतो, बिनपगारी, बिनसुट्टीची.
हरल्यावर राग येईनासा झाला
तेव्हा जरा भीती वाटली.

कुंपणापलीकडे होलेकाकांचा संत्र्याचा बगीचा, ताणावर सोडलेला.
पाणी तोडलंय, पानं कानासारखी मुडपलीत.
लाइन कवा येते, असं सध्या न विचारणारा
पंचक्रोशीत हा एकच माणूस.
"किती दिवस ताण द्यायचा, काका?"
"झाड पाहून. कमी पडला तं फुलत नाही,
जास्त झाला तं सरपण."
"मंग कळते कसं?"
"दोन बगीचे सरपण केले बावा, तवा कळलं."

सव्विसावा डाव. सन पंधराशे एकाहत्तर.
तिन्ही सीमांवर दुसऱ्यांचे रंग चिकटून बसलेले,
आणि खिशात फोन : वाहुले लाइनमन.
जंपर तुटला, चढून रायलो, परमिट दे.

ब्रेकर पाडला. आयसोलेटर उघडला. कुलूप घातलं.
नंबर लिहिला, वेळ लिहिली,
त्याला वाचून दाखवली, त्याच्याकडून वाचून घेतली.
इथे टक्के नाहीत.
वाहुले खांबावर आहे किंवा खाली आहे.
मागचा डाव पुन्हा उघडायची सोय नाही.

चाळीस मिनिटं चावी मुठीत धरून बसलो.
पडद्यावर वर्षं चालली होती, चालू दिली.
"उतरलो. घे, दे लाइन."
दिली. दूर शिवारात कुणाचा तरी
विहिरीवरचा बल्ब लागला, मग आणखी एक.

पडद्याकडे वळलो.
वऱ्हाड नव्हतं.
आमचं गाव आता दुसऱ्याच कुणाच्या नावात,
एम-च्या खाचेत.
कापूस, उत्पन्न चार.

लॉगबुक ओढलं.
तीनचे ॲम्पिअर लिहायचे राहिले होते.