लहानसं काहीतरी

किसुमूच्या जन्ममृत्यू कचेरीबाहेर
जॅकरँडाच्या झाडाखाली माझं टेबल आहे.
टेबल म्हणजे सोड्याचे दोन क्रेट, वर फळी,
फळीवर टाइपरायटर. त्याचा ब अर्धाच उमटतो.
पानाला तीस शिलिंग. चूक झाली तर माझ्या खिशातून.

आत लाच कुणी मागत नाही.
आत म्हणतात, लहानसं काहीतरी.
इतक्या मायेनं म्हणतात,
वाटावं तान्ह्या बाळाचं कौतुक चाललंय.
बाहेर येऊन लोक मला हळूच विचारतात,
बरासा, सध्या लहानसं म्हणजे केवढं?
मी सांगतो. टिलापियाचा भाव सांगावा तसा.
दोन्ही चढतेच.

पेरेस अकेयोनं भाव विचारला नाही.
मासे तळून मनगटांवर तेलाचे डाग पडलेली बाई.
मुलीचा जन्मदाखला हवा होता, परीक्षेच्या अर्जाला,
अठ्ठावीस दिवस हातात.
आत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर उचललं.
मागे फीचा फलक निघाला.
कॅलेंडर दरवर्षी बदलायचं, खिळा तोच.
तिनं फलक मोठ्यानं वाचला,
अक्षराखाली बोट सरकवत,
उशिरा शिकलेली माणसं वाचतात तसा.
रांगेत कुणी खोकलंसुद्धा नाही.

टेबल क्रमांक तीन म्हणालं, उद्या या.

तेव्हा ती माझ्याकडे आली. लिही, म्हणाली.
मंगळवार. दहा वाजून दहा मिनिटं.
ओकुमू साहेब म्हणाले, उद्या या.
कारण विचारलं. सांगितलं नाही.
बाई, हा अर्ज होत नाही, मी म्हणालो.
नसेल होत. दोन प्रती काढ.

बुधवार. फाइल सापडत नाही.
गुरुवार. साहेब जेवायला गेलेत. वेळ सव्वादहा.
शुक्रवार. शाई संपली.
सोमवारी ती शाईची बाटली घेऊन गेली
आणि बाटलीची पावती मागितली.

एक प्रत खिडकीत द्यायची, दुसरीवर पोच मागायची.
शिक्का मिळायचा नाही.
मग मी तळाशी टाइप करायचो: शिक्का मिळाला नाही.
या ओळीचे तिच्याकडून पैसे घेणं
कधी बंद केलं, आठवत नाही.

नवव्या दिवशी तिच्यामागे एक मोटरसायकलवाला उभा.
माझंही लिहा, म्हणाला, तारीख घालून.
मग एक नर्स. मग दोघं भाऊ,
बापाच्या मृत्युदाखल्यासाठी चौथा महिना.
कुणाचं नाव पुकारलं की तिघं-चौघं सोबत आत जायची,
मुकाट्यानं, कागद हातात धरून.
सतरा वर्षं या झाडाखाली बसून
मला एवढं कळलं नव्हतं,
की लहानसं काहीतरी
एकट्या माणसाकडेच मागता येतं.

एका दुपारी ओकुमू साहेब स्वतः बाहेर आले.
फळीवर टेकले. म्हणाले,
बरासा, या जागेचा परवाना असेल ना तुझ्याकडे?
नव्हता. साहेबांना माहीत होतं.
सावलीसाठी दर शनिवारी
मीही त्यांना काहीतरी देत आलो होतो.
लहानसंच.

पेरेसला दाखला मिळाला सव्विसाव्या दिवशी,
फलकावरच्या फीत, पावतीसकट.
मुलीचं नाव अविनो. दाखल्यावर अविना.
ती तिथेच पायरीवर बसली.
वाटलं, आता रडणार.
पदराला हात पुसावेत तसे तिनं लेसोला हात पुसले,
उठली, परत आत गेली.
जाता जाता म्हणाली, कागद चढवून ठेव.

आज शनिवार आहे.
साहेबांचा शिपाई कोपऱ्यावर दिसतोय, रमतगमत येतोय.
कागद चढवलाय. मध्ये कार्बन.
शनिवार. बारा वाजून पाच मिनिटं. झाडाखाली.
फळीखाली गुडघे थरथरतायत, क्रेट वाजतोय.
खाली नाव घातलं. पहिलं अक्षर अर्धंच उमटलं.
एक घर मागे घेतलं,
पुन्हा त्यावरच ठोकलं.