नव्वद सेकंद

पंप सुरू केला की पहिली चाळीस मिनिटं काही घडत नाही.
काटा उतरतो, थबकतो,
इब्राहिमभाई झाकणाच्या रबराला ग्रीस फासतात
आणि माटुंग्याच्या दमट हवेला एक शिवी हासडतात,
रोजची, जुनी.
मग मी बटण फिरवते.
रुपयाएवढ्या काचेत उजेड उगवतो,
पाण्यात जांभळाचा रस सांडावा तसा.
आत तारेच्या जाळीवर
वीतभर नळी पडलेली.

प्लास्टिकला कशाचंच काही नसतं.
शाई धरत नाही, डिंक धरत नाही,
पाणी पडलं तर अळवावरचं.
अशा निर्लेपावर जंतू मात्र बिऱ्हाड करतात:
आधी एक, मग त्याची भावकी,
मग सगळ्यांवर मिळून एक चिकट छप्पर,
आणि औषध दारातूनच परत.

नव्वद सेकंद त्याला या उजेडात धरायचं.
केसाचा हजारावा भाग, तेवढीच वरची कातडी खरचटते.
खरचटल्या जागी हात फुटतात.
आता थेंब ठेवला तर उभा राहत नाही,
सारवणासारखा पसरतो.
हे हात फार वेळ रिकामे ठेवायचे नसतात.

म्हणून शनिवारी पहाटे ससून डॉक.
मथुराबाय पाटावर बसून कोळंबी सोलते,
तिच्या गुडघ्याशी सालांचा ढीग, गुलाबी, ओला.
"सालां कोन इकत घेतं गो? कोंबड्यांना घालतेस?"
मी सांगते: आम्लात टाकायची, मग क्षारात उकळायची,
पांढरी पूड होते,
ती नळीला बांधली की
वर बसलेला जंतू फाटतो.
ती सुरी खाली ठेवते.
बर्फानं पांढरी पडलेली बोटं माझ्यासमोर धरते,
एकाचं टोक पिकलेलं.
"मंग माज्या बोटांना का नाय लागत?"
मला उत्तर येत होतं. रसायनशास्त्राचं.
दिलं नाही.

विद्याधरदादाला अकरा दिवस नळी होती.
परळचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट.
ऑपरेशन छान झालं असं सगळेच म्हणत होते,
दादासुद्धा.
मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला,
पिशवीतलं माप वहीत लिहायची:
तीनशे. दोनशे ऐंशी. दोनशे दहा, गढूळ.
गढूळ हा शब्द पेनानं दोनदा गिरवला.
त्यापुढे काय करायचं असतं
ते ठाऊक नव्हतं.

बशा उघडल्या.
साध्या तुकड्यावर दोनशे बारा ठिपके.
आमच्यावर तीन.
करंजिया सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"चला, पेपर झाला."
मी त्या तिघांकडे बघत राहिले.
पसरायला त्यांना आख्खी बशी मोकळी होती.

आणि पृष्ठभाग विसरतो, हेही लिहायला हवं.
उजेडातून काढून तसाच ठेवला
तर चौथ्या दिवशी थेंब पुन्हा उभा.
आतल्या साखळ्या कूस बदलतात,
फुटलेले हात पोटाशी ओढून घेतात.
पूड बांधलेला तुकडा टिकतो.
मिठाच्या कोमट पाण्यात वीस दिवस टिकला.
एकविसाव्या सकाळी कडेला
मोहरीएवढा पहिला ठिपका.
दादाचे अकरा त्यात बसतात.
हे गणित मी वहीत मांडलं नाही,
बसस्टॉपवर, मनातल्या मनात,
तीन बस सोडल्या तेवढ्या वेळात केलं.

गेल्या शनिवारी तिनं आपणहून विचारलं,
"लागला का तुजा त्यो पाला?"
"पाला नाही, पूड. लागली. वीस दिवस."
"बस वीस?"
तिच्या बोटाला आता चिंधी होती, हळदीची.
टोपलीवर तिनं बर्फाचं फावडं उपडं केलं.
"बरफ पन दुपारपरेन रेतो.
मंग नवा आनायचा."

वासामुळे टॅक्सीवाल्यानं
गोणी टपावर टाकायला लावली.
भायखळ्यापर्यंत पुढच्या काचेवर
एकेक थेंब ओघळत राहिला,
आणि तो मान न वळवता
वायपर चालवत राहिला.