मोजता न येणारी नामं

अकरावीला आमच्याकडे इंग्रजी दोन प्रकारचं.
एक नुसतं इंग्रजी. दुसरं पायाभूत.
पायाभूत म्हणजे दहावीला ज्यांना पस्तीस पडले,
तेही कुणीतरी मागून ढकलल्यासारखे.
आम्ही चौदा जण. फोर्टातल्या रात्रशाळेचा दुसरा मजला.
एक ट्यूबलाइट चालू,
दुसरीचा अजून विचार चाललाय.

तांडेल सर फळ्यावर मधोमध रेघ मारतात.
डावीकडे लिहितात काउंटेबल,
उजवीकडे अनकाउंटेबल.
मोजता येणारी नामं, मोजता न येणारी नामं.
मी वहीत तशीच रेघ ओढते.
बोटांना सकाळची तुरटी आहे अजून,
पेन घसरत नाही, तेवढाच फायदा.

टेबल डावीकडे. वॉटर उजवीकडे.
आइस उजवीकडे. हे पटलं.
ससून डॉकला बर्फाची लादी फुटते
तेव्हा तुकडे कोण मोजतं.
प्रॉन, सर म्हणाले, डावीकडे. मेनी प्रॉन्स.

सर, कोळंबी कुणी मोजत नाही.
पहाटे चारपासून मी आणि याडी पाटावर असतो.
याडी म्हणजे आई, आमच्या बोलीत.
डोकं मोडायचं, साल ओढायची,
पाठीतला काळा दोरा काढायचा, पुढची घ्यायची.
मोजत बसलं तर टोपली भरेल का?
मुकादम मोजतो ती टोपली.
कोळंबी नुसती असते. येतच राहते.

वर्ग हसला. लिफ्ट चालवणाऱ्या प्रल्हादने बाक वाजवला.
सर नाही हसले.
त्यांचे आजोबा होडीवर होते म्हणे, आडनावातच आहे ते.
म्हणाले, मोजता येते गं, शेवंती.
कुणी मोजत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग खडू रेघ ओलांडून उजवीकडे गेला
आणि त्याने लिहिलं: मनी.

मनी?
टोपलीला तीस. टोपल्या सहा.
त्यातून हातमोज्यांचे दहा वजा, चहाचे वजा.
याडी नोटा तीनदा मोजते.
एकदा मुकादमासमोर,
एकदा भिंतीकडे तोंड करून,
एकदा रात्री, अंथरुणात, नुसत्या अंगठ्याने.
तिला वाचता येत नाही, पण दहाची नोट
ती अंधारात ओळखते.

रुपीज मोजतात, सर म्हणाले. मनी मोजत नाहीत.
हाऊ मच मनी. नियम आहे तसा.
कुणी केला, सर?
ज्यांच्याकडे तेवढा होता त्यांनी,
प्रल्हाद मागून म्हणाला,
आणि या वेळी सरही हसले.

साडेनऊला पाच कमी होते. खडू घाईत धावला.
हेअर. ब्रेड. अ‍ॅडव्हाइस. वर्क.
वर्कवर कुणीच वाद घातला नाही.

घरी याडी जागी होती.
काय शिकवलं आज?
मोजायला, मी म्हटलं.
ते तर तुला येतंच की, ती म्हणाली
आणि कुशीवर वळली.
तीन वाजायला पाच तास राहिले होते.
टाइम उजवीकडे. आवर डावीकडे.
हे मी फळ्याशिवाय लावलं, स्वतःचं स्वतः.

आज पहाटे पहिल्या टोपलीला सुरुवात केली.
वन. टू. थ्री.
ओठ हलू न देता.
शंभरापर्यंत सरळ आले,
पुढे वन हंड्रेड अँड म्हणताना जीभ अडखळली,
पण हात नाही.
टू हंड्रेड अँड ट्वेल्व्हला
डोक्याचा काटा अंगठ्यात गेला,
मी बोट तोंडात घातलं आणि आकडा विसरले.

परत एकपासून.

याडीने न बघता माझ्या पाटावरची मूठभर कोळंबी
स्वतःच्या पाटावर ओढली.
हळू झालीस आज, म्हणाली.