तुंबा

दौलतगंजात, आमच्या घड्याळांच्या दुकानाला लागून
डॉक्टर लियांगचा दवाखाना. पाटी नव्हती.
दारावर टांगलेला एक वाळका तुंबा,
तंबोरे करणाऱ्या हुसेनमियांनी दिलेला;
तडा गेलेला, सुराला नालायक.

कुणी म्हणे दृष्टीसाठी, कुणी म्हणे आत दारू.
तो हसायचा. "आमच्या कँटनकडे म्हणतात,
तुंबा टांगलास की वैद्य झालास.
मग दारातल्या कुणालाच नाही म्हणायचं नाही."
बोलणं त्याचं अडखळत, पण दाढ झटक्यात निघे.
बायजा कासारणीकडून पैसे घेतले नाहीत कधी,
शितोळे सरदारांकडून दुप्पट, तोंडावर सांगून.

बासष्टच्या थंडीत पोलिसांचा ट्रक आला.
बायको, दोन मुली, एक ट्रंक.
चिमटे त्यानं वडिलांच्या हाती दिले,
गंजू देऊ नका, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोरं काठ्या घेऊन:
चिनी भोपळा उतरवा!
वडिलांनी डोळ्यावरचं भिंगही काढलं नाही.
"मंगळवेढ्याचा आहे तो. जिल्हा सोलापूर."
पोरं घुटमळली.
एकाचा गाल टम्म सुजलेला.
त्याला आत घेऊन वडिलांनी
लवंगेच्या तेलाचा बोळा दाबला दाढेत,
हात थरथरत होता, घड्याळजीचा हात.

चिमट्यांना तेल आता मी लावते.
तुंब्याच्या तडीतून चिमण्या ये-जा करतात.
घड्याळं कुणी आणत नाही.
रात्री-अपरात्री कडी वाजते मात्र,
आणि मी लवंगेची बाटली शोधत उठते.