हातचा

सॉल्झबरीला, दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर
विमा कंपनीच्या वकिलांची खोली.
मी कोपऱ्यात, बावीस कळांच्या यंत्रापाशी.
बोललेला शब्दन् शब्द टिपायचा, हे माझं काम.
पानाला चार डॉलर.
न बोललेल्याचे मिळत नाहीत.

साक्षीदार : व्हर्लीन टल. वय एकसष्ट.
"क्रिसफील्डच्या धक्क्यावर खेकडे सोलते.
सोलत होते," तिने दुरुस्त केलं.
मी दोन्ही टिपलं.

पहाटे साडेचार, पुलाअलीकडचा लाल दिवा,
ती थांबलेली. मागचा ट्रक नाही.
उजवं मनगट, तीन स्क्रू.
अंगठा करंगळीकडे निघतो
आणि वाटेत कुठेतरी बसून राहतो.

हॅडलीसाहेब सभ्य माणूस. आधी पाणी विचारलं,
मग कागद सरकवला :
गेल्या वर्षीची कमाई एकोणीस हजार एकशे पंचवीस,
भागिले बावन्न आठवडे,
गुणिले सव्वीस, कारण सव्वीस आठवडे काम बुडालं.
"हिशेब बरोबर आहे ना, बाई?"

ती प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत गेली,
ओठ हलत होते.
"भागाकार बरोबर आहे.
फक्त जानेवारीत खेकडे चिखलात झोपतात, साहेब,
आणि आमच्या शेडला कुलूप असतं.
मी चौतीस आठवडे कमावते, बावन्न आठवडे खाते.
माझा गेला तो उन्हाळा.
तुम्ही त्यातला वाटा बर्फालाही दिलात."

शाळेत मी हातचा धरायला विसरायचे,
बाई लाल पेनाने वर एक छोटा एक काढायच्या.
तो एक मला त्या कागदावर
कुठेच दिसेना.

"याशिवाय काही उत्पन्न?"
"रविवारी घरी सोलायचे. शेजारपाजारचे, चर्चच्या जेवणाचे.
रोख."
"पावत्या?"
ती हसली.
हसणं आम्ही टिपत नाही.

मग तिने पर्समधून वर्तमानपत्राची पुडी काढली.
आत वाफवलेला एक खेकडा, लालभडक,
आणि आखूड सुरी, मुठीला निळी चिकटपट्टी.
"बाई, याची काही गरज नाही," हॅडलीसाहेब म्हणाले. टिपलं.
"मला आहे," ती म्हणाली. तेही टिपलं.

त्यानंतर कुणी बोललं नाही.

उजव्या हाताने तिने खेकडा धरला,
पाहुण्याने तान्हं मूल धरावं तसा, सांडेल या धाकाने.
डाव्याने सुरी. कवच निघालं, पण फुटून.
तुकडे मांसात गेले, तिने ते चिमटीने शोधले,
एक सापडेना, पुन्हा शोधला.
मसाल्याचा, खाडीचा वास
गालिच्यात, फायलींत, माझ्या बाहीत.
तिच्या वकिलाने घड्याळ पाहिलं आणि मान खाली घातली.
माझी दहा बोटं कळांवर तयार,
आणि टिपायला काही नाही.

अकरा मिनिटं.
मूठभरही नाही, तीन चमचे मांस
तिने त्याच कागदावर, त्याच आकड्यांवर ठेवलं.
"आधी मिनिटाला एक व्हायचा.
पौंडाला पावणेचार डॉलर. आता करा भागाकार."

हॅडलीसाहेबांनी तोंड उघडलं :
"नोंदीसाठी सांगतो, साक्षीदाराने आत्ता..."
आणि पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही.
मी तीन टिंबं दिली. तेवढीच मुभा असते.

निकाल काय लागला मला ठाऊक नाही.
एकसष्ट पानं भरली, बिल पाठवलं,
की आमचा संबंध संपतो.
(तिचं वय आणि माझी पानं सारखी निघाली,
त्याचा अर्थ काही नाही.)
अकरा मिनिटांचे पैसे कुणालाच मिळाले नाहीत.

ज्यांचं पोट हातावर, त्यात मीही आहे,
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

घरी जाताना पुलाअलीकडे दिवा लाल झाला.
मी स्टिअरिंगवरून दोन्ही हात काढले,
मांडीवर, कोटाखाली ठेवले,
आणि आरशात
मागून येणाऱ्या दिव्यांकडे बघत राहिले.