सत्तावीस पिना

पेनसिल्व्हेनियातलं कोळशाचं खोरं, एक्कावन्नचा जानेवारी.
रात्रपाळीला दोन डिझेल इंजिनं
एकामागे एक उभी केली आम्ही.
कपलिंग बसलं. ब्रेकचा पाइप जोडला.
पुढे काहीच जुळेना.

पुढच्याला आठ खाचा. हँडल ओढलं की
खट्, खट्, तारेतून निरोप जातो: आता तिसरी, आता चौथी.
मागचं दुसऱ्या कारखान्याचं, त्याला खाच ठाऊकच नाही.
ते हवेवर चालतं. दाब चढला की अंगात येतं,
जिना नाहीच, नुसता उतार.

माझ्या हातात मनगटाएवढी केबल, सत्तावीस पिनांची,
आणि समोर तिला भोक नाही.
यार्डमास्तर म्हणाला, मग दोन इंजिनांना दोन ड्रायव्हर.

पुढे एमरिस प्रॉसर, मागे वासिल होम्याक.
दोघांत अबोला. कारण एक शिडी,
उसनी नेलेली, परत न आलेली.
डबा खातानाही पाठ फिरवून.

पण चढ लागला की एमरिस दोनदा शिट्टी देई,
वासिल दोनदा.
बाकीचं कपलिंगच्या हिसक्यातून कमरेला कळे:
पुढचा ओढतोय, मागचा अजून विचारात,
आता रेटतोय, आता जरा जास्तच.
वळणाच्या अलीकडेच वासिल दाब उतरवी,
एमरिसचा हात हलायच्या आधी.
खाली उतरले की पुन्हा अबोला.

मार्चमध्ये लाकडी खोक्यातून सामान आलं.
मीच बसवलं, चार रात्री, बोटं सोलून.
रिले, झडपा, विजेचं बोलणं हवेला समजावणारी डबी,
आणि एकदाचं ते भोक.
केबल खोचली. एमरिसनं पहिली खाच ओढली
आणि मागे, रिकाम्या केबिनमध्ये,
कुणाचा हात नसताना
इंजिननं घसा खाकरला.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

वासिल वर चढला, दिशेची मूठ उपसून घेतली.
नियमच आहे, मागच्या इंजिनात ती ठेवायची नसते.
जमा करायची असते.
त्यानं कोटाच्या खिशात टाकली. कुणी मागितली नाही.

गाडी गेली. आम्ही शेडमध्ये, तो बूट सोडत बसलेला.
चढावरून शिट्टी आली,
सवयीनं, दोनदा.

वासिलनं मान वर केली नाही.
'उशीर,' म्हणाला. 'गाढव अजून उशिराच देतो.'