थकबाकी: अडीच दिनार

मुहर्रकच्या जुन्या बाजारात
खजूरवाला आणि घड्याळवाला यांच्या मधे
माझं दुकान, सहा फूट रुंद.
तो पहिल्यांदा आला तेव्हा काखेत टेपरेकॉर्डर होता,
आजारी पोर धरावं तसा,
आणि नाकाची साल उन्हाने सोललेली.
म्हणाला, एर्मेते झानोलारी. संगीत.
मी म्हटलं, तांडेल. दुरुस्ती.

हेडमध्ये वाळू, रबरी चाक वितळलेलं.
दीड दिनार.

पुढची एकोणीस वर्षं
त्याचं आयुष्य मला हप्त्याहप्त्यानं कळत गेलं,
प्रत्येक बिघाडाबरोबर थोडं.
बाप कियोज्जाच्या खाडीत मासे मारायचा
(तिकडेही खाडी असते, हे मला नवं होतं).
पोरगा पाद्र्याकडे ऑर्गन शिकला,
तिशीत एक ऑपेरा लिहिला,
दुसऱ्या अंकात लोक उठून गेले.
"तिसरा चांगला होता," तो सांगायचा,
दर वेळी, स्क्रू माझ्या हातात देत.

मग कुठल्याशा ग्रंथालयात
एक ओरखडलेली तबकडी त्याच्या कानावर पडली:
मोती काढणाऱ्यांचं गाणं.
वर एकाचा आवाज, उंच, फाटका,
खाली तीस गळ्यांची घरघर,
समुद्राचा तळच खर्जात बोलत असावा तशी.
स्वतःतला संगीतकार त्याने तिथंच बुडवला,
पायाला दगड बांधून.

इथं पोचला तोवर मोती संपले होते.
गाणारे होते, पेन्शनवर, खोकल्यासकट.
म्हातारा सालमीन दारातच म्हणाला,
जमिनीवर बसून हे गायचं
म्हणजे वाळवंटात वल्हं मारणं.
मग घसा खाकरला
आणि चार तास मारत राहिला.
मायक्रोफोन मी धरला होता. खांदा आठवडाभर दुखत होता.

त्याने सगळं कागदावर उतरवलं.
टाळ्या मोजल्या, मातीच्या घड्यावरची थाप मोजली,
बोलोन्याहून तीन जाड खंड छापून आले.
एकच जागा कोरी ठेवायचा:
पाणबुड्या खाली जातो
आणि दोरी हलेपर्यंत वरचे गप्प असतात,
तेवढी.
"याला विराम म्हणता येत नाही, तान्देल्लो.
विरामानंतर काय येणार ते ठाऊक असतं."

एकदा मलाच विचारलं:
तुझ्या गावी जाळं ओढताना काय म्हणतात?
दाभोळला? काही नाही, म्हटलं. ओढतात.
खोटं होतं.
पण ज्या आवाजावर शाळेतली पोरं हसायची
तो परक्यापुढे कशाला काढा?
त्याने मान हलवली, चार सेल घेतले, गेला.

गेल्या रमजानात तो वारला.
शेवटपर्यंत नर्सशी हुज्जत घालत होता
की उशाजवळचं ते यंत्र
अर्धा सूर चढं वाजतंय.
वेरोनाहून पुतणी आली, खोकी बांधली,
एक रीळ दुकानात ठेवून गेली. तुमचं असावं.

वर पेन्सिलीने: तांडेल, दुकान, दुपार.

लावलं.
पंखा. कथिलाची चुर्र.
आणि कुणीतरी गुणगुणतंय, दातांत वायर धरून, बेसूर:
दोन मात्रा ओढ, एक मात्रा सैल,
दोन ओढ, एक सैल.
अब्बांची हाक. माझ्या तोंडात. मला पत्ता नाही.
मग गिऱ्हाईक येतं, रिमोटचे सेल मागतं,
हाक तिथंच तुटते.

पुढं सात मिनिटं नुसता पंखा.
त्याने बटण दाबलं नाही.
सात मिनिटं तो स्टुलावर बसून होता,
दोरी हलायची वाट बघत.

बिलबुकात त्याच्याकडून अडीच दिनार येणं आहे.
रिवाइंडचं बटण अडकतंय म्हणून आला होता.
ते मी खोडलेलं नाही.